तात्पुरत्या टेबलांचं सेशन नेमकं कुणाचं? एका ऊसबिल प्रणालीच्या स्थलांतराचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याने आपली ऊसबिल प्रणाली ओरॅकल ११जी या डेटाबेसवरून पोस्टग्रेसक्यूएल १५ (पुढे नुसतं पोस्टग्रेस) या डेटाबेसवर आणली. त्या सगळ्या कामातला एकच धागा इथे मांडतो आहे, तो तात्पुरत्या (टेम्पररी) टेबलांचा, म्हणजे मधला हिशोब थोडा वेळ ठेवण्यासाठीच्या तक्त्यांचा. डेटाटाइप, सीक्वेन्स, पॅकेजेस यांचा त्रास झाला, पण तो होणार हे आधीच माहीत होतं आणि त्यावरची उत्तरंही ठरलेली होती. तात्पुरत्या टेबलांच्या बाबतीत तसं नव्हतं. हे काम एका ओळीत उरकणारं दिसत होतं, आणि त्यातूनच एका गटाच्या (गावांच्या समूहाच्या) शेतकऱ्याची वसुली दुसऱ्या गटाच्या यादीत उतरली. गेल्या हंगामाच्या डेटावर चाचणी चालू होती म्हणून ते वेळेत हाती लागलं. खऱ्या पंधरवड्यात तसं झालं असतं तर कुणाच्या तरी खात्यातून दुसऱ्याच्या कर्जाचे पैसे वळते झाले असते.

मी या कामात डेटाबेसची बाजू बघत होतो. कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागातली मंडळी आणि वेब ॲप्लिकेशन लिहिणारे प्रोग्रॅमर असे आम्ही एकत्र होतो.

जुनी व्यवस्था कशावर उभी होती

हंगामात काट्यावर आलेल्या प्रत्येक खेपेची वजनपावती होते. पंधरवडा संपला की गटवार बिलं काढायची. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यावी लागते आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. त्यामुळे बिलाचं काम निवांत बसून करण्यासारखं नसतं. सगळी गट ऑफिसं एकाच दोन-तीन दिवसांत बिलावर बसतात.

बिलातला अवघड भाग म्हणजे कपाती. समजा एका शेतकऱ्याचा ४० टन ऊस गेला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २८०० रुपये धरले, तर बिल १,१२,००० रुपयांचं. विकास सोसायटीची वसुली ७०,०००, ठिबकचा हप्ता ३०,०००, खताची उधारी २०,०००. क्रम ठरलेला असतो. आधी सोसायटी, मग ठिबक, मग खत. पहिल्या दोन्हींचे मिळून एक लाख गेले की खताला १२,००० च उरतात आणि ८,००० पुढच्या बिलावर जातात. शेतकऱ्याच्या हातात या पंधरवड्याला काही येत नाही. हा हिशोब एका रुपयानेही चुकता कामा नये, कारण पलीकडे एक माणूस घरखर्चाला पैशाची वाट बघत असतो.

जुन्या प्रणालीत हे सगळं ओरॅकलच्या ग्लोबल टेम्पररी टेबलांमधून चालायचं. या टेबलांचं वागणं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचा गोंधळ त्यातूनच झाला. टेबलाची व्याख्या एकदाच होते, डेटा डिक्शनरीत (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत) कायम राहते आणि सर्वांना सारखीच दिसते. आतला डेटा मात्र ज्याचा त्याच्या सेशनपुरता, म्हणजे डेटाबेसशी जोडणी झाल्यापासून ती तुटेपर्यंत. दहा लिपिकांनी एकाच टेबलात ओळी भरल्या तरी प्रत्येकाला फक्त आपल्याच दिसतात. ओळी कमिट झाल्यावर (केलेलं काम पक्कं झाल्यावर) पुसायच्या की सेशन संपेपर्यंत ठेवायच्या, हे टेबल बनवतानाच सांगायचं. काहीच सांगितलं नाही तर ओरॅकल त्या कमिटला पुसतं.

वर ओरॅकल फॉर्म्सचे स्क्रीन होते. प्रत्येक लिपिकाच्या संगणकावरून थेट डेटाबेसला जोडणी. सकाळी लॉगिन, संध्याकाळी लॉगआउट. म्हणजे एक लिपिक म्हणजेच एक सेशन. लिपिक वसुलीची यादी टेबलात भरून घ्यायचा, स्क्रीनवर एखादी रक्कम दुरुस्त करायचा, चहाला जाऊन यायचा, मग बिल मंजूर करायचा. तोवर त्याच्या ओळी त्याच्या सेशनमध्ये सुरक्षित. यामुळे त्या टेबलांत गट क्रमांकाचा किंवा लिपिकाचा रकानाच नव्हता. जे मुळात खाजगी आहे त्यावर मालकाचं नाव लिहायची कुणाला गरज पडली नाही. ज्यांनी ही रचना केली त्यांनी त्या काळाला धरून योग्य आणि सुबक काम केलं होतं, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

एका ओळीचं काम

पोस्टग्रेसमध्येही टेम्पररी टेबल असतं, पण घडण वेगळी. ते प्रत्येक सेशनने स्वतः बनवायचं आणि सेशन संपलं की टेबल व्याख्येसकट जातं. 'ग्लोबल' हा शब्द लिहिला तर पोस्टग्रेस तो स्वीकारतं, पण त्याला अर्थ देत नाही. फक्त एक इशारा छापून पुढे जातं. ओरॅकलवरून येणारे बरेचजण ओरा२पीजी हे साधन वापरतात, आम्हीही वापरलं. ते ग्लोबल टेम्पररी टेबलं आपणहून उतरवत नाही. त्यासाठी वेगळी सेटिंग चालू करावी लागते आणि पीजीटीटी नावाचं एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायचा पूरक प्रोग्रॅम) लागतं. आमच्याकडे ती सेटिंग बंद होती, म्हणून ही टेबलं हाताने लिहायची ठरली.

प्रोग्रॅमरनी सरळ मार्ग धरला. प्रत्येक प्रोसीजरच्या (डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीला 'नसेल तर टेम्पररी टेबल बनव' ही ओळ घातली आणि खालचा कोड तसाच ठेवला. वाचताना हे अगदी बरोबर वाटतं.

पहिल्या चाचणीत वसुलीची यादी रिकामी आली. कारण लवकर सापडलं. जावाच्या जोडणीत ऑटोकमिट चालू होता, म्हणजे प्रत्येक विधान (डेटाबेसला दिलेली आज्ञा) स्वतंत्र ट्रान्झॅक्शन, आपल्या कमिटने संपणारं. टेबल कमिटला पुसणारं. भरलं की कमिट, कमिट की रिकामं. मग 'कमिटला पुसा' हा भाग काढून टाकला गेला. इथे दोन डेटाबेसांमधला एक छोटा पण घातक फरक आड आला. काहीच सांगितलं नाही तर ओरॅकल ओळी पुसतं, पोस्टग्रेस ओळी ठेवतं. कलम काढल्यावर टेबल आपोआप सेशनभर जगणारं झालं. यादी भरलेली दिसू लागली, चाचणी पास झाली, काम पुढे सरकलं.

त्याच सुमारास दुसरा बदल होत होता. गट ऑफिसांतून आता वेबवरून काम होणार होतं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीला सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस लागते. सगळ्या लिपिकांच्या जोडण्या दिवसभर उघड्या ठेवणं परवडत नाही, म्हणून मध्ये पीजीबाउन्सर हा जोडण्या वाटून देणारा प्रोग्रॅम बसवला आणि तो ट्रान्झॅक्शन मोडमध्ये ठेवला. या मोडमध्ये सर्व्हरची जोडणी लिपिकाला एका ट्रान्झॅक्शनपुरती मिळते, ती संपली की लगेच दुसऱ्याला जाते. एसटीच्या सीटसारखं हे आहे. सीट तीच राहते, प्रवासी स्टॉपला बदलतो, आणि आधीच्याची पिशवी खाली राहिली असेल तर ती पुढच्याच्या पायाशी येते.

ती यादी

चाचणीला शेतकी खात्यातले जुने लिपिक बसवले होते. हा निर्णय ईडीपीच्या प्रमुखांचा, आणि मला तो सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यातले एक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, वसुलीची यादी वाचता वाचता थांबले.

"साहेब, ह्यो शेतकरी आपल्या गटातला न्हाई. गावच नदीपल्याडचं हाय."

"अण्णा, यादी परत एकदा काढून बघता का?"

त्यांनी काढली. "आता बरोबर आलीया. मग मघाशी ह्यो कुठनं आला?"

परत काढल्यावर बरोबर येणारी चूक सगळ्यांत वाईट. यादीची एकूण बेरीज बघून ती सापडली नसती, कारण कुठल्या बेरजेशी ताडायचं हेच त्या क्षणी कुणाला माहीत नव्हतं. शेतकऱ्यांना नावानिशी ओळखणारा माणूस समोर होता म्हणून ती पकडली गेली.

शोध घ्यायला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, वेब ॲप्लिकेशनकडून येणाऱ्या प्रत्येक एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतल्या) विधानाच्या आधी टिप्पणी म्हणून गट क्रमांक जोडायला सांगितला आणि पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये सगळी विधानं प्रोसेस क्रमांकासह नोंदवायला लावली. लॉगमध्ये स्पष्ट दिसलं. एकाच प्रोसेस क्रमांकावर आधी एका गटाच्या ओळी भरल्या गेल्या, त्या मंजूर होण्याआधी त्याच प्रोसेसवर दुसऱ्या गटाची मागणी आली, तिने 'नसेल तर बनव' म्हटलं, टेबल होतंच, आणि तिच्या ओळी आधीच्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. टेबलात गट क्रमांकच नाही, मग वेगळं करणार कसं?

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी. पोस्टग्रेसच्या पीजी_क्लास या कॅटलॉगमध्ये (डेटाबेस स्वतःच्या नोंदी ठेवतो त्या टेबलात) प्रत्येक टेबलापुढे ते कायमचं की टेम्पररी याची खूण असते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कुणीही काम करत नसताना, आम्ही टेम्पररी खुणेची टेबलं मागितली. पीजी_टेम्प या नावामागे वेगवेगळे क्रमांक लागलेल्या अनेक स्कीमांमध्ये (टेबलांच्या कप्प्यांमध्ये) तीच तीच टेबलं उभी होती. लिपिक जेवायला गेले होते, सेशन कुठेच गेली नव्हती.

मग सुरुवातीच्या चाचणीत हे का दिसलं नाही? पीजीबाउन्सर नेहमीच्या सेटिंगमध्ये सर्वांत शेवटी परत आलेली जोडणी सर्वांत आधी पुन्हा देतो. एकच प्रोग्रॅमर चाचणी करत असेल तर त्याला जवळजवळ प्रत्येक वेळी तीच जोडणी मिळते, आणि सगळं जुन्या फॉर्म्ससारखं सुरळीत वाटतं. गर्दी झाली की भ्रम फुटतो. शिवाय सेशन साफ करणारं 'डिस्कार्ड ऑल' हे विधान पीजीबाउन्सर आपणहून फक्त सेशन मोडमध्ये चालवतो. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये ते चालत नाही.

आणि 'नसेल तर बनव' या ओळीबद्दल. वसुली भरणारी मागणी एका जोडणीवर गेली आणि मंजुरीची दुसऱ्या जोडणीवर, तर खरं तर 'टेबलच सापडत नाही' अशी चूक यायला हवी होती. ती आली असती तर पहिल्याच दिवशी सगळे जागे झाले असते. 'नसेल तर' ने ती चूक गिळून टाकली आणि तिच्या जागी कधी रिकामी, कधी परकी यादी दिली. टेम्पररी टेबलाच्या बाबतीत मी ही ओळ कुणालाही लिहू देत नाही.

हा पोस्टग्रेसचा दोष म्हणणं अन्यायाचं होईल. सेशनभर ओळी ठेवणारं टेबल आणि मध्ये सामायिक जोडण्या, हीच जुळणी ओरॅकलवर केली असती तरी ओळी अशाच मिसळल्या असत्या. डेटाबेस बदलणं आणि थेट जोडणीकडून वेबकडे जाणं हे दोन बदल एकाच वेळी झाले, आणि दुसऱ्या बदलाचा परिणाम पहिल्याच्या खात्यावर लिहिला जात होता.

समोर असलेले मार्ग

बैठकीत सर्वांत आधी सुचवलं गेलं ते पीजीबाउन्सर सेशन मोडला नेणं. तसं केलं तर जोडणी सुटताना डिस्कार्ड ऑल चालतं आणि टेम्पररी टेबलं जातात. पण वेब ॲप्लिकेशनने स्वतःच्या बाजूलाही जोडण्या साठवल्या होत्या. तो दिवसभर जोडणी सोडतच नव्हता, मग साफसफाई होणार कधी?

पीजीटीटी हे एक्स्टेन्शन जील दारोल्द यांचं, ओरा२पीजीही त्यांचंच. टेबलाची व्याख्या कायम ठेवायची आणि सेशनमध्ये पहिल्यांदा वापर झाला की खरं टेम्पररी टेबल गुपचूप बनवायचं, असं ते करतं. जिथे जुना थेट जोडणीचा ॲप्लिकेशन तसाच ठेवून फक्त डेटाबेस बदलायचा आहे तिथे मी ते निःशंक सुचवेन, कारण कोडला हात जवळपास लागत नाही. पण त्याचंही 'सेशन' म्हणजे सर्व्हरची जोडणीच. आमचा प्रश्न तिथेच होता.

तिसरा मार्ग म्हणजे साधं अनलॉग्ड टेबल (ज्यातल्या बदलांची सुरक्षा-नोंद ठेवली जात नाही असं) आणि त्यात सर्व्हरच्या प्रोसेसचा क्रमांक रकाना म्हणून. हा पुष्कळ ठिकाणी वापरलेला पाहिला आहे. इथे तो दुप्पट चुकीचा. तोच क्रमांक अनेक लिपिकांना मिळतो, आणि प्रोसेस संपल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम तो क्रमांक दुसऱ्या प्रोसेसला देऊ शकते, तेव्हा कालच्या ओळी आज जिवंत होतात.

यातला प्रत्येक मार्ग टेबलाला जुन्यासारखं वागायला लावायचा प्रयत्न होता. आम्ही ते सोडलं. ओरॅकलचं ते टेबल तीन वेगळ्या गोष्टी एकत्र देत होतं: तयार व्याख्या, खाजगीपणा आणि ठरलेलं आयुष्य. कोडची प्रत्येक जागा यातल्या कशावर विसंबून आहे हे टेबलागणिक विचारायचं ठरलं. प्रश्न एकच ठेवला, की या ओळी कुठवर जगायला हव्यात? ईडीपीतली दोन मुलं आणि शेतकी खात्यातले अण्णा यांनी मिळून यादी केली. अण्णांना एसक्यूएल येत नाही, पण कुठल्या स्क्रीनवरून उठून परत आल्यावर काय शिल्लक असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

जे टेबल लागतच नव्हतं

काही टेबलांतल्या ओळी एकाच प्रोसीजरमध्ये जन्मून तिथेच मरत होत्या. कपातीचा हिशोब त्यातलाच. जुना कोड प्रत्येक शेतकऱ्याच्या कपाती टेबलात उतरवून, लूप फिरवून, उरलेली रक्कम एकेक ओळीवर लिहायचा. विंडो फंक्शनने (आजूबाजूच्या ओळी धरून हिशोब करण्याच्या सोयीने) हे एका क्वेरीत होतं. शेतकऱ्यागणिक, प्राधान्याच्या क्रमाने, या ओळीच्या आधीच्या मागण्यांची चढती बेरीज काढायची. ती बिलातून वजा करायची. ही उरलेली रक्कम आणि मागणी यातली लहान ती घ्यायची, आणि शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. वरच्या उदाहरणात खताच्या ओळीआधीची बेरीज १,००,०००, उरले १२,०००, मागणी २०,०००, म्हणून वसूल १२,०००. पहिल्या ओळीला आधीची बेरीज नल (मूल्यच नाही अशी) येते, तिथे शून्य धरायला विसरायचं नाही.

सगळीच प्रोसीजर अशी सुटली नाहीत. काही ठिकाणी मधला निकाल पुढच्या पाच-सहा पायऱ्यांना लागत होता, तिथे टेम्पररी टेबल ठेवलं. पण ते 'कमिटला टाकून द्या' या कलमासह, आणि सगळं काम एका ट्रान्झॅक्शनच्या आत. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये हे पूर्ण सुरक्षित आहे, कारण ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत जोडणी दुसऱ्या कुणाला जात नाही.

इथे नावाबद्दल एक नियम केला. टेम्पररी टेबलाचा उल्लेख कोडमध्ये कायम पीजी_टेम्प ही स्कीमा पुढे लावूनच करायचा. पोस्टग्रेस टेबल शोधताना टेम्पररी स्कीमा आधी बघतं. त्यामुळे त्याच नावाचं कायमचं टेबल असेल तर ते झाकलं जातं, आणि उलटही होतं: टेम्पररी बनवायची ओळ एखाद्या वाटेवर राहून गेली तर ओळी मुकाट्याने कायमच्या टेबलात जातात. स्कीमा लिहिलेली असली की तिथे चूक येते आणि काम थांबतं. पैशाच्या कामात मला थांबणारी चूक हवी, पुढे जाणारी नको.

काट्याच्या स्क्रीनवरही एक असं टेबल होतं. प्रत्येक वजनपावतीला ते वापरलं जायचं, म्हणजे हंगामात रात्रंदिवस. ओरॅकलमध्ये त्याचा काही भार नव्हता, व्याख्या कायमचीच होती. पोस्टग्रेसमध्ये दर वेळी टेबल बनवणं म्हणजे दर वेळी कॅटलॉगमध्ये लिखाण. १२ रकान्यांच्या टेबलाला पीजी_ॲट्रिब्यूटमध्ये १८ ओळी पडतात, १२ आपल्या आणि ६ सिस्टिमच्या. शिवाय पीजी_क्लास, पीजी_टाइप, पीजी_डिपेंडमध्ये वेगळ्या. टेबल गेलं की या सगळ्या मृत ओळी होतात आणि कॅटलॉग फुगतो. गटाचं बिल पंधरवड्याला एकदा निघतं, तिथे हे चालून जातं. काट्यावर चालत नाही. तिथे टेबल काढून टाकलं आणि मूल्यं ॲरे (एकत्र बांधलेली यादी) म्हणून फंक्शनला दिली.

जे तात्पुरतं नव्हतंच

वसुलीची यादी, जिथून सगळं सुरू झालं, ती मात्र वेगळी निघाली. लिपिक ती भरतो, दुरुस्त करतो, मधेच उठतो, दुपारनंतर मंजूर करतो. हे कित्येक ट्रान्झॅक्शनांवर पसरलेलं खरं काम आहे. जुन्या प्रणालीत ते टेम्पररी टेबलात राहिलं, कारण लिपिकाचं सेशन दिवसभर उघडं असायचं. वीज गेली किंवा संगणक बंद पडला की त्याचं सकाळपासूनचं काम जायचं, आणि ते पुन्हा करायची सवय सगळ्यांनी लावून घेतली होती.

आम्ही याचं साधं, कायमचं टेबल केलं: बिल मसुदा. त्यात धाव क्रमांक (बिल काढण्याच्या त्या फेरीचा क्रमांक), गट, पंधरवडा, लिपिक, वेळ आणि स्थिती. वेबवरची प्रत्येक मागणी आपला धाव क्रमांक बरोबर आणते, आणि तो त्या लिपिकाचा आहे की नाही हे आधी तपासलं जातं. जोडणी कुठलीही मिळो, ओळी धाव क्रमांकानेच सापडतात. अनलॉग्ड ठेवावं अशी सूचना आली होती, लिहायला वेगवान म्हणून. पण सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा उठला की पोस्टग्रेस अनलॉग्ड टेबल रिकामं करतं. लिपिकाने हाताने केलेल्या दुरुस्त्या अशा जाव्यात हे आम्हाला मान्य नव्हतं.

मसुदा सगळ्यांना दिसणाऱ्या टेबलात आल्यावर एक जुनी गोष्ट उघड झाली. एकाच गटाचा तोच पंधरवडा दोघेजण एकाच वेळी उघडू शकत होते. पूर्वी दोघांच्या याद्या आपापल्या सेशनमध्ये लपलेल्या असायच्या आणि जो शेवटी मंजूर करेल त्याची टिकायची. आता गट आणि पंधरवड्यावर आंशिक युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) लावला, फक्त 'उघडा' स्थितीतल्या ओळींसाठी. दुसऱ्याने उघडायचा प्रयत्न केला की पहिल्याचं नाव दिसतं. शेती अधिकाऱ्यांनाही प्रथमच कुठल्या गटाचं बिल कुठे अडलं आहे ते मंजुरीच्या आधी बघता येऊ लागलं. माझ्या मते स्थलांतरातली ही खरी कमाई.

वेग, आणि मिसळण्याची चाचणी

राहिलेल्या टेम्पररी टेबलांपैकी एका प्रोसीजरने मोठ्या गटाला नको इतका वेळ घेतला. पोस्टग्रेसचं ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारी देखभाल) दुसऱ्या सेशनच्या टेम्पररी टेबलाला हात लावू शकत नाही, म्हणून त्याची आकडेवारी आपोआप गोळा होत नाही. आकडेवारी नसली की प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) रकान्यात २०० वेगळी मूल्यं असतील असं धरून चालतो. खरं चित्र त्याहून फार वेगळं असेल तर दोन टेबलं एकमेकांशी जुळवण्याची (जॉइनची) चुकीची पद्धत निवडली जाते. टेबल भरल्यावर लगेच ॲनलाइझ (आकडेवारी गोळा करणारं विधान) चालवलं की हे सुटतं, आणि ते ट्रान्झॅक्शनच्या आतही चालतं. टेम्पररी टेबल वाचणारा भाग पॅरलल वर्करकडे (काम वाटून घेणाऱ्या मदतनीस प्रोसेसकडे) जात नाही, तेव्हा त्याची आशा धरू नये. टेम्पररी टेबलांसाठीचा बफर (मेमरीतली जागा) मुळात ८ एमबी असतो. तो वाढवायचा तर सेशनमध्ये पहिलं टेम्पररी टेबल वापरण्याआधीच वाढवावा लागतो, म्हणून आम्ही तो डेटाबेस रोलवर ठरवून दिला.

चाचणीची रीत मात्र पूर्ण बदलली. दोन टोकं घेतली. एकदा पीजीबाउन्सरला सर्व्हरच्या बाजूला एकच जोडणी दिली आणि वेगवेगळ्या गटांच्या लिपिकांना एकाच वेळी बिल काढायला लावलं. सगळे त्याच जोडणीवरून जातात, म्हणून एकाचा कचरा दुसऱ्याला दिसायचा असेल तर तो दिसणारच. मग अनेक जोडण्या दिल्या आणि त्या पाळीपाळीने वाटायची सेटिंग चालू केली. आता एकाच लिपिकाच्या दोन मागण्या वेगळ्या जोडण्यांवर जातात, म्हणून सेशनवर गुपचूप विसंबलेला कोड 'टेबल नाही' म्हणून ओरडतो. ही दोन्ही टोकं पार केलेला कोडच पुढे नेला. कुणी असं स्थलांतर करत असेल तर हे आधी करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. खर्च काहीच नाही.

शेवटी गेल्या हंगामातला प्रत्येक पंधरवडा दोन्ही डेटाबेसवर काढून निकाल दोन्ही दिशांनी वजा करून बघितले: जुन्यात आहे पण नव्यात नाही, आणि नव्यात आहे पण जुन्यात नाही. एकाच दिशेने बघितलं तर जादा आलेली ओळ सापडत नाही, आणि आमची मूळ चूक नेमकी जादा ओळीची होती. काही फरक निघाले ते टेम्पररी टेबलांचे नव्हते. ओरॅकल रिकाम्या मजकुराला नल समजतं, पोस्टग्रेस समजत नाही, आणि सोसायटीचा कोड कोरा असलेल्या काही नोंदी त्यामुळे वेगळ्या पडल्या. एका ठिकाणी रक्कम डबल प्रिसिजन या अंदाजे दशांश प्रकारात घेतली होती, तिथे पूर्णांकन वेगळं झालं. न्यूमेरिक हा अचूक प्रकार केल्यावर पैसे जुळले.

अजून बाकी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली पाण्यात गेली होती, तेव्हापासून इथे डेटाची दुसरी प्रत लांब ठेवण्याबद्दल कुणाला समजवावं लागत नाही. कारखान्याची स्टँडबाय प्रत जिल्ह्याबाहेर आहे, आणि हंगामाचे मोठे अहवाल तिच्यावर चालवायचे असा बेत होता. पण स्टँडबाय फक्त वाचण्यापुरती असते, तिच्यावर टेम्पररी टेबलसुद्धा बनवता येत नाही. बहुतेक अहवाल विथ कलमाने (मधल्या निकालाला क्वेरीतच नाव देऊन) पुन्हा लिहिले. जिथे मधला निकाल एकदाच काढून ठेवायला हवा तिथे त्याला मटेरियलाइज्ड म्हणून सांगितलं, कारण १२ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस एकदाच वापरलेलं विथ कलम मूळ क्वेरीत मिसळून टाकतं.

तोडणी-वाहतूक ठेकेदारांच्या उचलीचा वार्षिक अहवाल तेवढा राहिला. त्याचे टप्पे फार आहेत, आणि ठेकेदार व मुकादम यांच्या जुन्या येण्या-बाकीची जुळणी शेतकी खात्यात अजून चालू आहे. ती पूर्ण होईपर्यंत तो मुख्य सर्व्हरवरच, रात्री, एका ट्रान्झॅक्शनमध्ये आणि कमिटला जाणाऱ्या टेबलांसह चालतो. नवा कोड सर्व्हरवर चढवण्याआधी एक तपासणी चालते: टेम्पररी टेबल बनवलं आहे पण 'कमिटला टाकून द्या' लिहिलेलं नाही, किंवा 'नसेल तर' लिहिलेलं आहे, असं काही आढळलं की तो कोड परत जातो.